व्हिप माझ्या हातानं

९ मार्च
व्हिप आला! शहराध्यक्ष मी, म्हणून पक्षाच्या नगरसेवकांना तो पोचवून सह्या घ्यायचं काम माझं. बाकीच्यांच्या झाल्या. राहिली वर्षाराणी — माझीच पोरगी.

उद्या सभेत ठराव आहे. पालिकेचा जुना दवाखाना पाडायचा, तिथं दुकानगाळे काढायचे. पक्षाचा आदेश — बाजूनं हात वर करा.

स्वयंपाकघरात गेलो. पीठ मळत होती. तसल्याच हातानं कागद घेतला, वाचला, डब्यावर ठेवला. सही नाही.
"अप्पा, दवाखाना माझ्या वॉर्डात हाय. हलू देणार न्हाई म्हणून दवाखान्यामागच्या म्हाताऱ्या पारूबाईला शब्द दिलाय मी. तिच्या दारात उभं राहून मतं मागितल्यात."
"मतं चिन्हाला पडली. तुला न्हाईत."
बोलून गेलो खरा. बायको, शांतव्वा, माझ्याकडे बघतच राहिली.

१० मार्च
तिनं विरोधात हात वर केला. ठराव एका मतानं पडला!
बाहेर पारूबाई तिच्या गळ्यात पडून रडली. मला पोरीचा अभिमान वाटला — आणि लगेच व्हिपचा कागद आठवला.

१३ मार्च
अमरसिंहदादा घरी आले. जिल्ह्यातले आमचे नेते. चहाला हात लावला नाही.
"तिला अपात्र करायचा अर्ज जातोय. व्हिप दिला, एवढी साक्ष द्या की. शहराध्यक्ष तुमीच हाय."
मी मान डोलावली. वर्षाराणी दारातच उभी होती.

१६ एप्रिल
झोप नाही. कागदावर तिची सही नाही. व्हिप दिलाच नाही, असं मी म्हटलं की सुटली!
शांतव्वा रोज तेच — "एक खोटं बोला. पोरीसाठी."
आणि दादांना तोंड कसं दाखवू? उभा जन्म या पक्षात गेला.

२१ एप्रिल, कोल्हापूर
जिल्हाधिकाऱ्यांसमोर सुनावणी. एसटीनं वर्षाराणी न् मी एकाच सीटवर बसून आलो. खिडकी तिनं मला दिली.

माझं ठरलं होतं. दिला नाही म्हणायचं. नाव पुकारलं. उभा राहिलो, तोंड उघडणार — तोच ती उठली.
"साहेब, व्हिप मिळालावता. अप्पांनी माझ्या हातात दिला. वाचूनच मी विरोधात मत दिलं."

बाहेर येऊन ओरडलो, "मी वाचवणार होतो की तुला!"
"माहीत हाय, अप्पा. तुमचं तोंड बघूनच कळलं. पर खोट्यावर टिकलेली खुर्ची घिऊन पारूबाईसमोर कशी जाऊ?"

राजारामपुरीत जेवायला थांबलो. मी भाकरी नुसती चिवडत बसलो. तिनं माझं ताट आपल्याकडे ओढलं, गुमान संपवलं.

११ जून
निकाल आला. अपात्र.
पारूबाई आली. वर्षाराणीशेजारी बसून राहिली. जाताना माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

३ ऑगस्ट
वर्षाराणीच्या जागेवर पोटनिवडणूक लागली. दादांचा फोन — "ठराव परत आणायचाय. शब्दाबाहेर न जाणारा माणूस पायजे. तुमीच उभं ऱ्हावा."
इतकी वर्षं सतरंज्या उचलल्या. पहिल्यांदाच तिकीट!
अर्ज भरून आलो. वर्षाराणीला अजून सांगितलेलं नाही.