यादीत नसलेले मिस्टर एन्टविसल

४ मार्च, सोमवार
घर मिळालं! म्हणजे मिळाल्यातच जमा. मिसेस क्लेगनी आमचा भाव मान्य केला. झोपायची खोली खाली, न्हाणीघर खाली, मागच्या अंगणात कबुतरांची ढाबळ. बाबांना एक पायरीही चढावी लागणार नाही. इथे चौथा मजला, लिफ्ट नोव्हेंबरपासून बंद आणि बाबांची छाती भात्यासारखी वाजते.

एकवीस कबुतरं घराबरोबर आमचीच. शर्यतीची मोठी झालेली कबुतरं कुठेही नेऊन ठेवा, सोडली की जुन्या ढाबळीकडेच येतात. म्हणून मिस्टर क्लेग वारल्यावर मिसेस क्लेगना कबुतरं पाळणाराच माणूस हवा होता. बाबांनी फ्लॅटवर येताना स्वतःची सगळी देऊन टाकली होती, त्याला बारा वर्षं झाली. आज ढाबळीत शिरले आणि अर्धा तास बाहेरच येईनात. मिसेस क्लेग मला म्हणाल्या, बाई गं, तुझा बाप घर बघायला आलाय की मुलगी बघायला?

त्या मे-अखेर अँगलसीला लेकीकडे जाणार. भरपूर वेळ आहे.

निश्चय: प्रत्येक टप्पा लिहून ठेवायचा. घरातली पहिली पदवीधर मी. कागदपत्रांना मी घाबरत नाही.

७ मार्च, गुरुवार
खरेदीचे कागद करायला सॉलिसिटर, म्हणजे वकील, हवा. कर्ज देणाऱ्या बँकेने यादी पाठवली आहे, यातला कुणीही घ्या म्हणून. मी ती उघडलीसुद्धा नाही. हे लोक कसे असतात ते मला ठाऊक आहे. मोठमोठी ऑफिसं, माणसाला नंबर.

आमचे मिस्टर एन्टविसल आहेत ना! आई गेली तेव्हा बाबा घराबाहेर पडत नव्हते. लिफ्ट तेव्हाही बंदच. हा सत्तरीचा माणूस बॅग घेऊन चार मजले चढून आला, कागद स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडले, एक कप चहा घेतला आणि बिल पाठवायचं 'विसरला'. अशा माणसाला सोडून यादीतला अनोळखी घ्यायचा? मग समाजशास्त्र शिकले कशाला?

त्यांच्याकडे गेले. खूप आनंद झाला त्यांना. मग म्हणाले, पोरी, मी ऑफिसात एकटाच. एकट्या वकिलाला तुझी बँक ठेवत नाही, सहा वर्षांपूर्वी मला यादीतून काढलं. आणि एका पाकिटामागे दुसऱ्या कुणाचं तरी नाव आणि नंबर लिहून दिला.

केवढा हा विनय! पाकीट या रोजनिशीत खूण म्हणून ठेवलं आहे. फॉर्मवर त्यांचंच नाव लिहिलं.

१५ मार्च, शुक्रवार
बँकेचा ईमेल. कर्ज मंजूर, पण 'आपण दिलेले सॉलिसिटर आमच्या पॅनेलवर, म्हणजे यादीत, नाहीत. कृपया दुसरे नाव कळवा.' कृपया शब्द वापरला आहे. म्हणजे दार पूर्ण बंद नाही.

बाबा म्हणाले, अगं, घे की त्या यादीतला एखादा. मी म्हटलं, प्रश्न तत्त्वाचा आहे. ते म्हणाले, यादीतला माणूस काय राक्षस असतो? त्यालाही कुणीतरी डबा करून देत असेल. मी समजावून सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि बसने मिसेस क्लेगकडे कबुतरांना दाणे घालायला गेले. आता रोज जातात.

१८ मार्च, सोमवार
बँकेला पत्र लिहिलं. चार पानं. गावातले छोटे वकील, एकटी माणसं, विश्वास म्हणजे काय, असं सगळं. कॉलेजच्या प्रबंधापेक्षा चांगलं जमलं. बाबांना वाचून दाखवलं. तिसऱ्या पानावर त्यांचा डोळा लागला, पण ते हल्ली थकतात.

२ एप्रिल, मंगळवार
उत्तर नाही. ईस्टरची सुट्टी होती. चार पानं नीट वाचायला वेळ लागणारच.

मिस्टर एन्टविसलचा फोन आला. विचारत होते, त्या नंबरवर फोन केलास का? मी म्हटलं, काळजी करू नका, मी तुमच्यासाठी लढते आहे. त्यांनी तोच नंबर पुन्हा एकदा सावकाश सांगितला. बहुतेक भरून आलं असावं.

१२ एप्रिल, शुक्रवार
विजय! निम्मा तरी. बँकेने कळवलं आहे की आपला सॉलिसिटर ठेवायचा असेल तर ठेवा. बँक स्वतःच्या बाजूने दुसरा सॉलिसिटर नेमेल. त्याचा खर्च माझा, आणि 'विलंब होऊ शकतो'. शकतो. होईलच असं नाही.

बाबांना सांगितलं, बघा, पत्राचा परिणाम. ते म्हणाले, म्हणजे एका घराला दोन वकील? आपल्याकडे एका घराला एक लिफ्ट चालत नाही.

हल्ली ते दुसऱ्या मजल्यावर थांबतात. म्हणतात, खिडकीतून दृश्य चांगलं दिसतं. दुसऱ्या मजल्याला खिडकी नाही.

२५ एप्रिल, गुरुवार
बँकेच्या सॉलिसिटरने मिस्टर एन्टविसलना बावीस प्रश्न पाठवले. ढाबळीला परवानगी होती का, ढाबळीचं छप्पर कशाचं, असे. मिस्टर एन्टविसल शाईच्या पेनाने उत्तरं लिहितात आणि पोस्टाने पाठवतात. ऑफिसात फक्त मंगळवारी आणि गुरुवारी येतात. ही खरी जुनी शिस्त.

बाबांनी सगळ्या कबुतरांना नावं ठेवली आहेत. एका करड्या मादीला आईचं नाव दिलंय, डोरीन. मला सांगताना दाण्यांच्या डब्याचं झाकण उगाचच लावत-उघडत होते.

१० मे, शुक्रवार
बावीसपैकी सोळा उत्तरं पोहोचली. त्यावर नवे नऊ प्रश्न आले.

मिसेस क्लेगचा मुलगा डेरिक आमच्या दारात उभा होता. म्हणाला, आईचं सामान बांधून झालंय, अँगलसीत खोली तयार आहे. एकतीस तारखेपर्यंत सही झाली नाही तर मला दुसरं गिऱ्हाईक बघावं लागेल. मी म्हटलं, आमची नैतिक बाजू भक्कम आहे. तो म्हणाला, बाई, नैतिक बाजूवर छप्पर असतं का? उद्धट माणूस.

निश्चय: अजून एक पत्र. छोटं. दोनच पानं.

२१ मे, मंगळवार
मिस्टर एन्टविसल स्वतः आले. चार मजले चढून. खुर्चीत बसले तरी पाच मिनिटं बोलता येईना. मी चहा केला.

म्हणाले, लिन्झी, मला सोड. आजच सोड. मी पहिल्याच दिवशी तुला सांगितलं होतं. माझ्यासाठी हे करू नकोस, मी डिसेंबरमध्ये ऑफिस बंदच करणार आहे. फाईल मी स्वतः पोहोचवतो, ज्यांचा नंबर दिला त्यांच्याकडे, अजून दहा दिवस आहेत, ते धावतील.

मी म्हटलं, लोक तुम्हाला असं सोडून देतात म्हणूनच तुम्हाला बंद करावं लागतंय.

त्यांनी बाबांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, ती शिकलेली आहे, मिस्टर एन्टविसल. तिला कळतं. हे ऐकून मला इतकं बरं वाटलं!

जाताना जिन्यात दोघंही दुसऱ्या मजल्यावर थांबले. दृश्य बघायला.

३१ मे, शुक्रवार
सही झाली नाही. एक प्रश्न राहिला आहे. छपराचा.

डेरिकला फोन केला, त्याने उचलला नाही. शुक्रवार आहे, कामात असेल.

३ जून, सोमवार
घर गेलं. रोख देणारा माणूस, त्याच गल्लीत त्याची आणखी अकरा घरं भाड्याने आहेत. मिसेस क्लेग फोनवर रडल्या. म्हणाल्या, मी थांबले असते गं, पण मी आता डेरिकच्या हातात. कबुतरं विगनच्या एका माणसाला दिली.

बाबांना कसं सांगायचं याची मी तयारी करत होते. त्यांना ठाऊक होतं. सकाळी दाणे घेऊन गेले तेव्हा ढाबळ रिकामी होती. मला म्हणाले, तू जेवलीस का?

अजून दुसरं घर मिळेल. तळमजल्याचं. यादी करते.

८ जून, शनिवार
यादी केली नाही.

विगनच्या माणसाने कबुतरं कोंडून ठेवायला हवी होती. त्याला वाटलं, चार दिवसांत रुळली. काल सोडली. अकरा परत आली. ढाबळ गुरुवारीच पाडली होती, फळ्या रस्त्यावरच्या कचराकुंडीत पडल्या होत्या. ती घराच्या कौलांवर ओळीने बसली होती.

बाबा फुटपाथवर उभे राहून डबा वाजवत होते. दाणे घालायला मी पहिल्यांदाच त्यांच्याबरोबर गेले. ती मान वाकडी करून बघायची, उडायची, अंगणात ढाबळ होती त्या रिकाम्या जागेवर गोल फिरायची आणि पुन्हा कौलांवर. फुटपाथवर एकही उतरलं नाही. त्यांना तिथे उतरायची सवयच नाही.

मी विचारलं, डोरीन कुठली? त्यांनी बोट दाखवलं. मग म्हणाले, तू चुकली नाहीस गं. मिस्टर एन्टविसल माणूस चांगलाच आहे.

मी त्यांच्या हातून डबा घेतला आणि वाजवत राहिले. माझ्याजवळ चार पानं असतात एरवी.

१५ जून, शनिवार
रोजनिशी उघडताना पाकीट खाली पडलं. मार्चपासून दर वेळी तेच बाजूला करून लिहीत आले आहे. पहिल्यांदा त्याची मागची बाजू वाचली. नंबर फिरवला. का, ते माहीत नाही.

शनिवार असूनही दुसऱ्याच रिंगला एका बाईने उचलला. मागे कुणीतरी हसत होतं. मी बँकेचं नाव सांगितलं. ती म्हणाली, हो, आहोत ना आम्ही त्यांच्या यादीत. तिघीच आहोत, बेकरीच्या वर. फाईल आज दिलीत तर सोमवारी सुरू करते, राणी. साधारण किती दिवस लागतील, विचारलं. म्हणाली, साधं घर असेल तर पाच-सहा आठवडे, घाई असली तर त्याआधीसुद्धा. आणि तुम्हाला कुणी पाठवलं?

मिस्टर एन्टविसल, मी म्हटलं.

अय्या, ती म्हणाली, मी त्यांच्याकडेच शिकले. मार्चमध्ये त्यांनी सांगून ठेवलं होतं, एक मुलगी येईल, गुणी आहे, तिचं काम आधी घे. आम्ही वाट बघत होतो. पत्ता सांगा ना घराचा.

मी फोन ठेवला.

बाबांनी विचारलं, कोण गं? मी म्हटलं, राँग नंबर. ते डबा घेऊन निघाले होते. काल सहा होती म्हणाले, आज बघू. मी दारात उभी राहून त्यांची पावलं ऐकली. तिसरा मजला. दुसरा. तिथे बराच वेळ थांबली.