एकशे बारावी इनिंग

डॉर्सी, नेब्रास्का
१७ जुलै, गुरुवार

प्रिय मायलो,

पाकिटात काहीतरी जड लागतंय म्हणून तू ते आधी कानाशी धरून हलवलं असशील. लहानपणापासूनची खोड तुझी. ते काय आहे ते शेवटी सांगते, आधी पत्र वाच. फोनच केला असता, पण फोनवर तू नुसतं "हं, हं" करतोस आणि मग मीच माझं बोलणं गुंडाळून टाकते. पत्राला तसं हं म्हणता येत नाही. तुझ्या त्या टूसानच्या उन्हात, कुणाच्या तरी पोहण्याच्या तलावाचा पंप दुरुस्त करून झाला की सावलीत बस आणि सावकाश वाच.

आमच्या रेडिओवर गेल्या आठवड्यात धमाल चालली होती. स्टेशन तेच, धान्याच्या कोठाराशेजारच्या दोन खोल्या. सकाळी हवामान, कोण वारलं, कुणाचं कुत्रं हरवलं, आणि मग नॉर्बर्ट हुश्काचा फोनवरच्या गप्पांचा कार्यक्रम. लोकांचे फोन मी घेते, नाव आणि म्हणणं कार्डावर लिहून काचेखालच्या फटीतून आत सरकवते. या वेळी नॉर्बर्टनं प्रश्न काढला, बेसबॉलच्या निवडक खेळाडूंचा तो ऑल-स्टार सामना तुमच्या ताब्यात दिला तर तुम्ही तो कसा सुधाराल? मी त्याला म्हटलं, बाबा रे, दुसरं काहीही विचार, या गावात हा विषय नको. तर म्हणाला, "लिडी, एकोणीस वर्षं झाली. आता तरी गावाला मोकळा श्वास घेऊ दे."

आणि गावानं घेतला रे! पाच दिवसांत एकशे त्रेचाळीस फोन. बियाणं विकणारा ऑर्व्हिल म्हणाला, नऊ इनिंग फार होतात, सात करा, आणि सातवीत सगळ्यांना डाव्या हातानं खेळायला लावा. लाडी न्हाव्याचं म्हणणं, शाळेत करायचो तसं दोन कप्तानांनी मैदानात उभं राहून एकेक गडी निवडावा, "एवढा मोठा माणूस सगळ्यात शेवटी उरतो तेव्हा त्याचं तोंड कसं होतं, ते एकदा बघू दे की आम्हाला!" दूधवाली हिल्डा म्हणाली, सामन्याआधी प्रत्येक खेळाडूनं एकेका चाहत्याच्या घरी जेवायला जावं. "मी बदक भाजते म्हणावं, वर आंबट कोबी. पण बूट बाहेर काढून ये, नाहीतर उपाशी जाशील." मी लिहिताना हसत होते. खरं सांगायचं तर कितीतरी दिवसांनी हसत होते.

मग शुक्रवारी झाब्काबाईंचा फोन आला. हो, आपल्याच, पाचवीच्या. ब्याऐंशी वर्षांच्या झाल्या, पण आवाज अजून छडीसारखा. म्हणाल्या, "प्रत्येक संघातला निदान एक खेळाडू घ्यायचाच, हा नियम आधी मोडून टाका. हरणाऱ्या संघातल्या एखाद्या पोराला दया म्हणून बोलवायचं आणि सगळी मॅच नुसतं बसवून ठेवायचं..." आणि एकदम थांबल्या. "लिडी, तूच आहेस का गं फोनवर?" मी म्हटलं, मीच आहे, बाई. "मला तसं म्हणायचं नव्हतं." मी विचारलं, कार्डावर लिहू का? मग म्हणाल्या, "लिही. खरं आहे ते." मी लिहिलं.

तुझ्यासमोर त्या संध्याकाळचं नाव काढायचं नाही, हे आपल्या घरात न सांगता ठरून गेलंय. आज काढते. तुझा संघ त्या वर्षी हरत सुटला होता, आणि त्यातला तो एक म्हणून तुला बोलावणं आलं. डॉर्सीला त्या नियमाशी काय घेणं? आमच्या दृष्टीनं तू देशातल्या सगळ्यात मोठ्या, चेंडू टाकणाऱ्या पिचरांपैकी एक होतास, आणि मला विचारशील तर होतासच. गावच्या लीजन हॉलमध्ये टीव्हीसमोर साठ माणसं जमली होती. बाबांनी टाय लावला होता, आईनं खसखस भरलेले दोनशे गोड पाव, कोलाचे, भाजले होते. मी मिनियापोलिसहून आले होते, एक निळी बॅग घेऊन, आठ दिवसांच्या रजेवर. तिथल्या रेडिओवर दुपारच्या बातम्या वाचायचे मी तेव्हा, आठवतं ना?

सामन्याआधी तुमच्या मॅनेजरनं तुला काय सांगितलं, ते तू मला नंतर एकदाच सांगितलंस. "वोंद्रा, तू दहाव्या इनिंगसाठी. बरोबरी झाली आणि खेळ लांबला तर माझ्या हाताशी एक ताजा पिचर पाहिजे." म्हणून बाकीचे सगळे एकेक करून मैदानात गेले आणि तू कुंपणामागं बसून राहिलास. आठव्या इनिंगला बरोबरी झाली तेव्हा, मायलो, अख्ख्या अमेरिकेत आमचा हॉल एकटाच असा असेल जिथं कुणीच जिंकू नये म्हणून माणसं देवाचा धावा करत होती. बाबा खुर्चीवर बसेनात. आणि नवव्यात त्या माणसानं तो फटका मारला, चेंडू कुंपणावरून नेमका तुझ्या पायाशी येऊन पडला, आणि सामना तिथंच संपला. टीव्हीवर तू चार सेकंद दिसलास. जॅकेटची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, आणि वाकून तू तो चेंडू उचललास. त्या सामन्यात तुझ्या हातात आलेला तो एवढा एकच चेंडू. आईनं कोलाचेंच्या ताटांवर पुन्हा फडकी घातली.

पुढल्या एप्रिलात तुझा खांदा गेला, आणि पुन्हा बोलावणं आलं नाही. त्याच्या आधी ऑक्टोबरात बाबा गेले. तू दोन दिवसांसाठी आलास, घरातसुद्धा काळा चष्मा काढला नाहीस, वेशीवरची "ऑल-स्टार मायलो वोंद्राचं गाव" ही पाटी पाहिलीस आणि गेलास तो गेलासच. मी म्हटलं, आई एकटी पडली, नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणापर्यंत राहते. मग तिचं कंबरेचं हाड मोडलं. मग तिची आठवण जायला लागली. दर नाताळात लोक विचारायचे, मायलो येणार का? मी सांगायचे, तो दुखावलाय, त्याला सोडा. इतक्यांदा सांगितलं की माझाच त्याच्यावर विश्वास बसला. तू दुखावला होतास हे खरंच आहे. पण दुखावलेल्या माणसाला एकोणीस वर्षं सुट्टी असते, हे कुणी ठरवलं?

माझा दिवस कसा जातो ते तू कधी विचारलं नाहीस, म्हणून न विचारता सांगते. पहाटे साडेचारला उठते. पाच ते दहा शेजारची डॅग्मार पोकोर्नी आईजवळ बसते, तेवढा वेळ माझा, आणि तो मी रेडिओला देते. दहानंतर मी घरात. दाराला घंटा बांधलीय, कारण आई निघून जाते. न्हाणीघराची कडी काढून टाकलीय, कारण ती आतून लावून घेते. त्यामुळे मीसुद्धा एकोणीस वर्षांतली निम्मी वर्षं कडी न लावता अंघोळ केलीय. लिंकनच्या इस्पितळापलीकडं मी कुठं गेलेली नाही. त्या निळ्या बॅगेत आता आईचे हिवाळी कपडे आहेत. कधीकधी बशी विसळता विसळता माझा जीव असा घुसमटतो की मी अंगणात जाऊन मक्याकडं तोंड करून ओरडते. मका जुलैत डोक्याइतका वाढलेला असतो, त्याच्यापलीकडचं काही दिसत नाही.

आता मुख्य गोष्ट. तीन वर्षांपूर्वी आई मला विचारायला लागली, "मॅच संपली का?" मी पहिल्यांदा खरं सांगितलं, अगं, केव्हाच संपली. तर म्हणाली, "मग मायलो घरी का नाही आला?" ती कोट घालून खिडकीत जाऊन बसली. दोन दिवस जेवली नाही, कोट काढू देईना. तिसऱ्या दिवशी मी हात टेकले आणि म्हटलं, आई, माझी चूक झाली, मॅच अजून चालू आहे, बरोबरी आहे. तिचा चेहरा असा उजळला! "मग त्याची पाळी येईल," म्हणाली, आणि सूप प्यायली. तेव्हापासून रोज संध्याकाळी विचारते, कितवी इनिंग? मी कधी तोच आकडा सांगते, कधी एखादा वाढवते. गेल्या आठवड्यात आपण एकशे बाराव्या इनिंगमध्ये होतो. तू यावास म्हणून कुणी हट्ट धरू नये, एवढ्यासाठी मी ती मॅच तीन वर्षं संपू दिली नाही. आणि त्या मॅचमधून मलाही बाहेर पडता येईना.

सोमवारी, कार्यक्रमाच्या शेवटच्या दिवशी, साडेनऊच्या सुमारास मी फोन उचलला. "रेडिओ का? मला एक सूचना द्यायचीय." आई होती. डॅग्मार कपडे वाळत घालायला मागं गेली होती, आणि नॉर्बर्ट दर पाच मिनिटांनी फोन नंबर सांगत होता, तो ऐकून तिनं एकटीनं फिरवला. माझा आवाज तिनं ओळखला नाही. मी नाव विचारलं. "मिसेस वोंद्रा. माझा मुलगा आहे तिथं, कुंपणामागं बसलाय. गुणी आहे हो, कुरकुर करायचा नाही." मी म्हटलं, आणि सूचना? "नऊ झाल्या की पुरे करा. बरोबरी तर बरोबरी. दोघंही जिंकले म्हणा आणि मुलांना घरी सोडा." मी लिहीत होते. ती पुढं म्हणाली, "इथं एक मुलगी आहे माझ्याजवळ. रोज संध्याकाळी येऊन मला मॅच चालू आहे म्हणून सांगते. तिचं नाव आठवत नाही मला, पण फार दमलीय बिचारी. तिलापण घरी जाऊ दे."

मी कार्ड आत सरकवलं. नॉर्बर्टनं ते वाचलं, चष्मा काढला, पुन्हा वाचलं. मग नाव न घेता म्हणाला, "डॉर्सीहून एका आईची सूचना," आणि जशीच्या तशी वाचून दाखवली. त्यानंतर दहा मिनिटं नुसतं पोल्का नाचाचं संगीत लावून ठेवलं. एकशे त्रेचाळिसावा फोन तो. त्यानंतर दुसरा आलाच नाही.

त्या संध्याकाळी आईनं विचारलं, मॅच संपली का? मी म्हटलं, संपली. कोण जिंकलं? बरोबरी झाली, आई, दोघंही जिंकले. "मग मुलं घरी येणार." मी म्हटलं, येणार. तेव्हापासून ती खिडकीत बसलीय, हिवाळ्याचा कोट घालून. या वेळी जेवते मात्र, कारण तुझी वाट बघायला ताकद हवी म्हणे. रस्त्यावरून मोटार गेली की मान वर करते.

म्हणून हे पत्र. डुलुथच्या रेडिओनं मला तिसऱ्यांदा विचारलंय, सकाळच्या बातम्यांसाठी. दोनदा मी नाही म्हटलं होतं. काल हो म्हणून कळवलं, एक ऑगस्टपासून. तिथं एवढा मोठा तलाव आहे की पलीकडचा काठ दिसत नाही, आणि मला तसं काहीतरी रोज बघायचंय. मायलो, माझा तुझ्यावर राग आहे आणि मायाही आहे, दोन्ही खरं आहे. तुला त्यांनी तीन तास राखून ठेवलं, तेवढ्यानं तुझं मन मोडलं. मला या घरानं एकोणीस वर्षं राखून ठेवलंय. तू आला नाहीस, तर मला आईला सांगावं लागेल की मॅच पुन्हा सुरू झाली, आणि मग ती माझ्या जन्मात संपायची नाही. पाकिटात आहे ती पुढच्या दाराची किल्ली. किती दिवसांसाठी ये, ते मी सांगणार नाही, मलाही कुणी सांगितलं नव्हतं. पाटीची काळजी करू नकोस, तिचा रंग उडालाय, आता नुसतं "वोंद्राचं गाव" एवढंच वाचता येतं. एकतीस तारखेच्या आत ये. दार उघडलंस की घंटा वाजेल, दचकू नकोस. आणि बॅग खाली ठेवायच्या आधी तिच्या अंगातला तो कोट काढ. माझं ती ऐकत नाही, आणि इथं फार उकडतंय.

तुझीच, पण आता थोडी माझीसुद्धा,
लिडी