टँकरमुक्त उन्हाळा

१४ एप्रिल, संध्याकाळी
ठराव पास. यंदा आमच्या बिल्डिंगमध्ये टँकर येणार नाही. लातूरला दहा दिवसांनी नळ येतो, तर दहा दिवस पुरवायचं. जो पहिला टँकर मागवेल त्यानं सगळ्यांसमोर माफी मागायची, ही अट माझी. लाज वाटल्याशिवाय माणूस सुधारत नाही. तळमजल्यावरचे हणमंतराव (नातवाच्या क्लाससाठी हदगावहून आलेले) म्हणाले, मॅडम, ठराव प्यायला येत न्हाई. लोक हसले, आणि हसत हसतच हात वर केले. मेंढरं.

१५ एप्रिल
नळाचा दिवस. सकाळपासून जिन्यातून ओहोळ. नवं पाणी येणार म्हणून जुनं ओतून देतात. शिळं झालं म्हणे. पाणी म्हणजे काय वरणभात आहे? समोरच्या आरतीनं अर्धं टिपाड मोरीत सोडलं. मीही माझं पिंप रिकामं केलं, पण घासण्यासाठी. तो स्वच्छतेचा प्रश्न. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आमची नखंसुद्धा तपासायच्या.
शेजारची साबेरा पाणी ओतत नाही. पण ते तत्त्वानं नव्हे, सवयीनं. त्याला काय किंमत.

२१ एप्रिल
बेचाळीस डिग्री. कूलर दिवसभर. कूलरचं पाणी मी वापरात धरत नाही. ते वाफ होऊन निसर्गाकडे परत जातं. जिन्यात नोटीस लावली: आंघोळ एका बादलीत.

२३ एप्रिल
नोटिशीखाली कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलं: आणि कूलर? अशा लोकांसाठी मी रक्त आटवते.

२५ एप्रिल
नळ आला. पुन्हा तेच ओहोळ. जिन्यात उभी राहून एकेकाला सुनावलं. त्या नादात माझी टाकी भरून गच्चीवरून तासभर वाहिली. दोष अर्थातच त्यांचा.

५ मे, सकाळी
आज नळ. उजाडताच पिंप आणि टाकी रिकामी करून लख्ख घासली.

५ मे, दुपारी
नळ नाही.

६ मे
मोठी लाइन फुटली म्हणे. चार दिवस तरी लागतील. कूलर बंद केला. वीजबचत मी ठरवलेलीच होती.

७ मे
आंघोळ नाही. रोज आंघोळ हे फाजील लाड आहेत. साबेराकडे मागावं का? नको. कुणाकडे मागितलं की त्याला डोक्यावर बसायची सवय लागते.

८ मे, दुपारी
टँकर सांगितला. टँकर नव्हेच, ट्रॅक्टरमागची टाकी. ठरावात ट्रॅक्टरचा उल्लेख नाही. हणमंतराव जेवून झोपतात तेव्हा, मागच्या गल्लीतून, हॉर्न न वाजवता, असं बजावलंय.

८ मे, संध्याकाळी
ट्रॅक्टरवाल्यानं हॉर्न वाजवला नाही. गेटवर उभं राहून माझं नाव घेऊन ओरडला. हणमंतराव बनियनवरच बाहेर. आता माफी मागायला लावणार, असं वाटलं. ते म्हणाले, या मॅडम, कधीची वाट बघून राहिलो तुमची. पाठोपाठ अख्खी बिल्डिंग घागरी, बादल्या घेऊन खाली. पाइप माझ्या तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत ट्रॅक्टरची टाकी कोरडी. आरती म्हणाली, काकू, तुमच्यामुळं सुटलो बघा. पैसे मी दिले.
साबेरा दोन घागरी घेऊन वर आली. म्हणाली, मॅडम, मागच्या नळाचं हाय, चालंल ना? पिंपात ओतायला सांगितलं. उकळून प्याले. ठीक होतं.

९ मे
मीटिंग. माफीचा विषय मीच काढणार होते, पण हणमंतराव आधी बोलले. म्हणाले, माफीबिफी राहू द्या, नंबर मॅडमकडं हाय, टँकरचं कामच त्यांच्याकडं द्या. आता दर चौथ्या दिवशी टँकर. एकमतानं पास. साबेरानं तेवढा हात वर केला नाही. म्हणाली, आमचं नळावर भागतंय. समाजाची जाणीव नसली की माणूस असं बोलतो.
जबाबदारी स्वीकारली. बेशिस्त लोकांच्या टँकरला तरी शिस्त हवी. उद्या सकाळी पहिला येईल. पिंप घासून ठेवायला हवं. तळाशी साबेराचं पाणी आहे अजून, ते शिळं ओतून देते.