पडद्यावरचा लाल ठिपका

सोमवार, ता. ३

आलं ते: संगणकाचा नवा पडदा, एक — नऊ हजार चारशे. त्याची वायर — दोनशे दहा (ही खरं तर बरोबर फुकट यायला हवी!). पोचवणावळ — चाळीस. खोका जपून ठेवलाय, लोकरीच्या कपड्यांना होईल.

ह्यांचा फोटो स्टुडिओ बंद होऊन अकरा वर्षं झाली. निगेटिव्हचे डबे कपाटात तसेच. आता ते सगळे फोटो संगणकावर घेऊन, साफ करून, ज्याचे त्याला द्यायचे म्हणतात. जन्मभर लोकांच्या फोटोंवरचे धुळीचे डाग बारीक कुंचल्याने भरले — हात शिवशिवतात त्यांचे. म्हटलं, घ्या.

मंगळवार, ता. ४

पडद्याच्या बरोब्बर मध्यावर लाल ठिपका! सुईच्या टोकाएवढा, पण चित्र बदललं तरी जागचा हलत नाही. पुसून पाहिला. दुकानदाराला फोन केला. म्हणाला, काकू, एका ठिपक्यासाठी कंपनी पडदा परत घेत नाही, निदान पाच लागतात. म्हणजे आणखी चार उगवायची वाट बघत बसू? मग त्यानेच उपाय सांगितला. भराभर रंग बदलणारं एक चित्र चार तास लावून ठेवायचं. नाहीच गेला तर पडदा बंद करून मऊ फडक्याने हलकेच दाबायचं.

ह्यांना बोट ठेवून दाखवला. मान पुढे काढून बघितलं आणि म्हणाले, असू दे की. नखाएवढा डाग राहिला तर जेवण न जाणारा माणूस हा!

बुधवार, ता. ५

भाजी निवडताना एकदम उलगडलं.

मॅट्रिकच्या फॉर्मला फोटो हवा होता. आई मला स्टुडिओत घेऊन गेली. माझ्या गालावरचा तीळ तिला नेहमीच खुपायचा. कुंचला घेऊन बसलेल्या पोरसवदा माणसाला तिने बजावलं, तेवढा तीळ काढून टाका. फोटो आणायला गेलो तर तीळ जागच्या जागी! तो मान वर न करता म्हणाला, "तीळ काढला तर परीक्षेला हीच बसलीय हे कळणार कसं?" आई रस्ताभर धुसफुसत होती. मी दुसऱ्या दिवशी एकटी जाऊन एक जादा प्रत मागितली. माझा आयुष्यातला पहिला फालतू खर्च. दोन वर्षांनी त्याच कुंचलेवाल्याशी लग्न झालं.

तर ह्यांचं "असू दे" हे तसलं असणार. दिवसभर बरं वाटत राहिलं. तरी नव्या वस्तूतला दोष मला बघवत नाही.

गुरुवार, ता. ६

चार तास रंग नाचवले. ठिपका ढिम्म.

धाकट्या भाऊजींचं पत्र आलं. ते डोळ्यांचे डॉक्टर, दोन वर्षं ह्यांना तपासायला बोलावताहेत. हे म्हणतात, ह्या डोळ्यांवर घर चाललं, त्यांना काय धाड भरलीय?

शुक्रवार, ता. ७

हे सकाळी बाहेर गेल्यावर देवाचं नाव घेतलं आणि फडक्याने दाबला. मनात दहा आकडे मोजले. पडदा लावला — गेला! काळा, निळा, पांढरा, सगळे रंग लावून पाहिले. कुठे नाही. ह्यांना मुद्दाम सांगितलं नाही. म्हटलं, बघू, स्वतःहून कधी लक्षात येतं.

दुपारी हे कामाला बसले. मी खुर्चीमागे उभी. एका बाईच्या कपाळावर धुळीचे तीन पांढरे डाग होते. ते तसेच सोडून ह्यांनी पुढचा फोटो घेतला. मी विचारलं, "ठिपका खुपत नाही ना हो?"

मी दाखवला होता तिथंच बोट ठेवून म्हणाले, "हा काय, आहे अजून. असू दे. तुझ्या तिळासारखा आहे."

मी हो म्हटलं. आत जाऊन उगाच भांडी लावत बसले.

शनिवार, ता. ८

फोन ह्यांच्या खोलीत, म्हणून भाऊजींना पत्रच टाकलं: ह्यांना बारीक दिसेनासं झालंय आणि ते कुणाला कळू देत नाहीत. माझे डोळे दाखवायचेत असं सांगून सोबतीला घेऊन येते. तुम्हीही तसंच म्हणा. कधी येऊ, उलट टपाली कळवा.