आपल्या घराण्याच्या डोक्याला बसेल असं हेल्मेट

तीर्थरूप दादांस,

धाकट्या बहिणीचा शिरसाष्टांग नमस्कार. (शिर सध्या दोन्ही कानांच्या वर जरा दुखतंय, पण नमस्कार पूर्ण समजावा. दुखण्याचं कारण पुढे येईलच.)

इकडे सर्व ठीक. तिकडे तुमचं ब्लडप्रेशर, वहिनींचा डावा गुडघा आणि जिन्याचा तो हलणारा कठडा, तिघांची खुशाली कळवावी. वहिनी फोनवर म्हणत होत्या की हल्ली तुम्ही साधा बल्ब बदलतानाही कारखान्यातली पिवळी टोपी घालता, आणि शिडी धरायला उभ्या राहिलेल्या वहिनींनाही एक घालायला लावता. मी हसले नाही. (हसले, पण फोन ठेवल्यावर.) तीस वर्षं सुरक्षा अधिकारी म्हणून काढलेल्या माणसाने घरात तरी डोकं उघडं का ठेवावं? आजचं पत्र डोकं सांभाळण्याबद्दलच आहे, आणि त्या विषयात आपल्या घरात तुमच्याएवढं कळणारं दुसरं कोणी नाही, म्हणून ते तुम्हालाच लिहिते आहे. तेव्हा चष्मा लावून, खुर्चीत नीट टेकून वाचा.

दादा, मी घोड्यावर बसायला शिकते आहे. चार महिने झाले. तुम्ही उठून उभे राहिला असाल तर परत बसा. झालं असं की, गावाबाहेरच्या तबेल्याचे मास्तर माझ्याकडून खोगिराखालच्या गाद्या शिवून घेतात. पहिल्या सहा गाद्या घेऊन गेले, तर म्हणाले, माणूस बसला की मधोमध चुणी पडते आणि घोड्याची पाठ सोलते. आता चुणी नेमकी कुठून निघते हे खाली उभं राहून कसं कळणार? मी म्हटलं, मला वर चढवा. चुणी पाहायला म्हणून चढले ती उतरायचंच नाव घेईना. चाळीस वर्षं मी माणसं गळ्यापासून घोट्यापर्यंतच पाहिली, दादा. मान खाली, डोळे सुईच्या नाकात. त्या दिवशी वर बसल्याबरोबर माझी पाठ आपोआप ताठ झाली आणि भिंतीपलीकडचं शेत, रस्ता, दूरची पाण्याची टाकी असं सगळं एकदम दिसलं. मला रडू आलं. (मास्तरांना वाटलं घाबरले. त्यांना तसंच वाटू दिलं.) चुणीचं म्हणाल तर ती अस्तर तिरकं कापल्यामुळे पडत होती, आता पडत नाही.

मी बसते ती घोडी बावीस वर्षांची आहे. तबेल्यात तिला काहीतरी भारदस्त नाव आहे, पण मी तिला आत्याबाई म्हणते, कारण तिला पाहिल्यावर तुम्हीही तेच म्हणाल. तोच पांढरा केस, तेच खालच्या ओठाचं लोंबणं, आणि अदबीने बोलल्याशिवाय जागचं न हलणं. टाच मारली तर मान वळवून अशी बघते की आपणच माफी मागावी. चार महिने मी तिच्यावर बसून रिंगणात फिरते, पण मधे मास्तर लांब दोरी धरून उभे. दोरीने बांधलेली आत्याबाई आणि वर मी, म्हणजे घाण्याभोवती फिरावं तसं ते फिरणं. येत्या रविवारी दोरी सुटायची आहे. त्यानंतर मैदान पावसाळ्याचे चार महिने बंद, आणि आत्याबाईला त्याच आठवड्यात निवृत्त करून मोकळ्या कुरणात पाठवणार. म्हणजे तिच्यावर बसून, लगाम स्वतःच्या हातात घेऊन एक फेरी मारायची तर रविवारीच, नाहीतर कधीच नाही. मास्तरांनी स्पष्ट सांगितलं, डोक्यावर स्वतःचं, नीट बसणारं हेल्मेट दिसल्याशिवाय दोरी सोडणार नाही. मी म्हटलं, बघाच तुम्ही.

पहिल्यांदा मी जावयाचं मोटरसायकलचं हेल्मेट नेलं. (मागून नेलं. काय कारण सांगून ते विचारू नका.) ते काचेसकट डोक्यात घातल्यावर बाहेरचं जग बंद झालं. मास्तरांचे ओठ हलताना दिसत होते, सूचना एकही पोचत नव्हती. काचेवर माझ्याच श्वासाचं धुकं. आत्याबाईने माझं ते काळं, बिनतोंडाचं डोकं पाहिलं आणि मागे सरकत सरकत तबेल्याच्या भिंतीला पाठ लावली. मास्तर म्हणाले, ते मडकं काढा. मग तबेल्यातलं सामाईक हेल्मेट घातलं. त्यात आजवर शिकून गेलेल्या प्रत्येकाच्या केसांचं तेल मुरलेलं आहे, आणि एकेका उसळीला ते कपाळावरून भुवयांवर, भुवयांवरून नाकावर येतं. तिसऱ्या फेरीत मला फक्त आत्याबाईची आयाळ दिसत होती. आत्याबाईच्या ते लक्षात आलं असावं, कारण ती शांतपणे वळली आणि चाऱ्याच्या हौदापाशी जाऊन जेवायला लागली. मास्तर दोरी ओढताहेत, मी अंधारात, आणि खाली चघळण्याचा आवाज. तेव्हाच ठरवलं, आता विकतचं घ्यायचं, पण घ्यायचंच.

इथे माझा धंदा आडवा आला. शहरातल्या दुकानदाराने फोनवर डोक्याचा घेर विचारला. माप घेणं हे मला कोणी शिकवायला नको, म्हणून टेप काढली आणि अंबाड्यावरूनच गुंडाळली. सव्वाचोवीस भरलं. मग सवयीने त्यात अर्धा इंच लूज धरला. गिऱ्हाईक कुठलंही असो, थोडं मार्जिन मी ठेवतेच, उद्या अंगाने भरलं तर उसवून वाढवता येतं. सत्तावन्नाव्या वर्षी डोकं भरणार नाही हे मला कळत होतं, पण हाताला कळत नव्हतं. हाताने पावणेपंचवीस लिहिलं. हेल्मेट आलं ते माझ्या डोक्यावर मोकळं फिरत होतं. मी मान डावीकडे वळवली की ते समोरच बघत राही.

दुसऱ्या कुणी ते परत पाठवलं असतं. मी अल्टर केलं. दादा, शिंप्याच्या हातात ढगळ वस्तू आली की तो गप्प बसूच शकत नाही. अस्तर उसवलं, आतला कडक पांढरा थर सुरीने दोन ठिकाणी तासून अंबाड्याला जागा केली, बाजूंना रजईचा कापूस भरून टीप मारली, हनुवटीचा पट्टा जाड वाटला म्हणून काढून तिथे छान मऊ इलॅस्टिक लावलं, आणि कडेला मरून पायपिंग. काय सुरेख दिसत होतं सांगू! आपल्या घरात आजवर इतकं नीटस काही शिवलं गेलं नसेल. मास्तरांच्या टेबलावर ठेवलं आणि शाबासकीची वाट पाहत उभी राहिले. त्यांनी आत बोट फिरवलं, इलॅस्टिक ताणून सोडलं आणि विचारलं, "हे कुणी मारलं?" मग खुर्ची देऊन समजावलं की तो पांढरा थर हेच खरं हेल्मेट, पडल्यावर तो दबतो म्हणून डोकं वाचतं, आणि पट्टा ताणला जाणारा असला तर माणूस एकीकडे आणि हेल्मेट दुसरीकडे जाऊन पडतं. मी शिवलेला कपडा कुणी मला न विचारता कापला असता तर मला जे वाटलं असतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर होतं. मला फार लाज वाटली. (पायपिंग मात्र चांगलं झालंय असं ते म्हणाले, हेही नोंदवून ठेवा.)

म्हणून काल सकाळची पहिली बस धरून स्वतः दुकानात गेले. दुकानदार बारीक आवाजाचा, हट्टी माणूस. त्याने आधी माझा अंबाडा सोडायला लावला आणि केसांची वेणी मानेशी, खाली बांधायला सांगितली. भर दुकानात, आरशासमोर, परक्या पुरुषाच्या सूचनेवरून मी केस सोडले. आई असती तर काय म्हणाली असती ते मी मनातल्या मनात ऐकून घेतलं. मग त्याने माझ्या डोक्याकडे वरून पाहिलं, बाजूने पाहिलं, आणि म्हणाला, गोल आहे, बहुतेकांचं लांबट असतं. हे आपल्या घराण्याचं डोकं, दादा. बाबांना आयुष्यात एक टोपी धड बसली नाही. लांबट डोक्याची हेल्मेटं कपाळावर टोचत आणि कानांवर मोकळी पडत. एकेक घालायचं, पट्टा न लावता मान हलवायची, हेल्मेट सरकलं की बाद. त्याने कपाळावर धरून हलवलं की सोबत भुवया आणि कातडी हलली पाहिजे, असा त्याचा नियम. मी म्हटलं, घट्ट होतंय. तो म्हणाला, पहिल्यांदा तसंच वाटतं, वापरून सैल होईल. मी म्हटलं, दाबतंय हो. तो म्हणाला, तुम्हाला ढगळ वापरायची सवय आहे. ही दोन्ही वाक्यं मी चाळीस वर्षं गिऱ्हाइकांच्या तोंडावर मारत आले आहे, आणि ऐकून घ्यायला ती इतकी वाईट लागतात हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

तरी मी हटले नाही आणि तोही हटला नाही. पाऊण तासात अकरा हेल्मेटं झाली. एकाची आतली पट्टी कानाला लागे, एकात वारा फिरायला भोकंच नव्हती, एकावर प्रमाणपत्राची चिठ्ठी नव्हती म्हणून मीच बाजूला ठेवलं. (चिठ्ठी आधी पाहायची हे तुमच्याकडून शिकले.) बारावं त्याने मागच्या खोलीतून आणलं. भुवयांच्या वर दोन बोटं, चारी बाजूंनी सारखं धरलेलं, टोचत कुठेच नाही. मान हलवली, वाकले, खोकून पाहिलं. जागचं हललं नाही. आरशात एक ताठ, दटावणारी बाई उभी होती आणि मला ती आवडली.

दुकानदाराने सांगितलं होतं की पसंत करण्याआधी घरी अर्धा तास घालून बसा, कुठे दुखलं तर बदलून देईन. मी घातलं, मशीनवर बसले आणि विसरले. त्यातच शेजारच्या डॉक्टरीणबाई ब्लाउजची बाही उसवली म्हणून भांडायला आल्या. एरवी अर्धा तास बोलतात. काल माझ्याकडे पाहिलं, आवाज खाली आला, आणि बाही दोन दिवसांनी दिली तरी चालेल म्हणत आल्या पावली परत गेल्या. चार तासांनी चहा पिताना कप हेल्मेटच्या टोकाला लागला तेव्हा मला आठवण झाली. कानांवर थोडं दुखतंय ते त्या चार तासांचं, हेल्मेटचा दोष नाही. आज सकाळी मास्तरांनी ते माझ्या डोक्यावर घालून पाहिलं, डोक्यासकट गदागदा हलवलं, आणि मान डोलावली.

तर दादा, तुमच्या बहिणीने डोक्याची पूर्ण काळजी घेतली आहे, हे कळावं म्हणून हा पत्रप्रपंच. वहिनींना नमस्कार सांगावा, आणि शिडी धरायला दुसरं कुणीतरी बघावं.

तुमची आज्ञाधारक बहीण

ता. क. : एक बारीकसं राहिलं. पन्नाशीपुढच्या माणसाची दोरी सोडायची तर घरच्या कुणाची तरी लेखी संमती लागते. लेकीने कागद वाचून तो माझ्याच पिशवीत परत कोंबला. जावई म्हणाले, तिला विचारा. उरलात तुम्ही. सुरक्षेतला अधिकारी माणूस, थोरला भाऊ. तुमच्या सहीपुढे कोण बोलणार?

ता. क. दुसरा : तुम्ही नाही म्हणणार नाही, पण विचार कराल. नियम मागवाल, घोडीचं वय विचाराल, रिंगणाचा नकाशा मागाल. तोवर आत्याबाई कुरणात. म्हणून कागद आज सकाळीच देऊन टाकला. खाली तो कागद, वर तुमचं मागचं पत्र, मध्ये शिंपीकामाचा कार्बन, आणि माप उठवायचं दात्यांचं चाक तुमच्या सहीवरून फिरवलं. सही आधी ठिपक्याठिपक्यांची आली, मग पेनाने गिरवली. शेवटचा फराटा जरा बाहीच्या गोलाईसारखा वळलाय, तेवढं चालवून घ्या.

ता. क. तिसरा : मास्तर शनिवारी सकाळी तुम्हाला फोन करणार आहेत. सही तुमचीच का, असं विचारतील. खोटं बोलू नका, तुम्हाला ते जमणार नाही आणि ब्लडप्रेशर वाढेल. एवढंच म्हणा, की बहीण माझीच आहे.