लोभ नसावा

ता. ३ मार्च

बबडीस,

आशीर्वाद नाहीत.

तुझं औषधांचं दुकान सुरू झाल्याचं कळलं. ते चालणार नाही, हे मी आजच लेखी देऊन ठेवते. गिऱ्हाईक फिरकणार नाही, आणि फिरकलंच तर रस्ता विचारायला. जावईबापूंनी रंगवलेली पाटी पहिल्याच वाऱ्यात खाली येईल आणि वर्षाच्या आत तुम्ही दोघं एकमेकांचं तोंड पाहणार नाही. झालं. आता माझ्या जिवाला स्वस्थ वाटलं.

जावईबापू घरात नवीन आहेत, त्यांना नीट समजावून सांग. मी जे लिहिते त्याच्या नेमकं उलट होतं, हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. तुझा बाप वसतिगृहात असताना तू नक्की पास होशील असं मी त्याला लिहिलं, तर हा गडी गणितात आडवा. पुढच्या खेपेला चिडून लिहिलं की तुला सात जन्मांत जमणार नाही, तर पहिला आला. तुझ्या आतोबांनाही हॉस्पिटलात एकदाच लिहिलं होतं, लवकर घरी याल म्हणून. असो. तोंडी बोललेलं वाऱ्यावर जातं, त्यामुळे फोनवर मी हवं तितकं गोड बोलेन. कागदावर नाही. म्हणून तर मी नावाआधी 'चि.'सुद्धा लिहीत नाही. कुणाला चिरंजीव म्हणून उगाच विषाची परीक्षा कशाला?

बाळच्या हृदयाच्या ऑपरेशनसाठी वेगळं पत्र लिहीन, सवडीने, चांगलं सणसणीत. एवढा पेन्शन घेणारा बाप्या, पण माझं पत्र आल्याशिवाय दाढसुद्धा काढून घेत नाही. वर म्हणतो, हवामान खात्यात जन्म गेला माझा, मी असल्या गोष्टी मानत नाही. आणि याचे अंदाज कसे, तर याने पाऊस म्हटलं की शेजारीपाजारी गाद्या उन्हात टाकायचे.

लोभ नसावा.

आत्या

---

ता. ९ मार्च

ती. आत्यास,

शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. दुर्दैवाने ते माझ्याआधी ह्यांनी फोडलं. दिवसभर पाटीच्या खिळ्यांकडे बघत होते, संध्याकाळी आणखी चार ठोकले. मग जेवताना हळूच विचारलं, की तुझ्या आत्याचं मी काय घोडं मारलंय. मी समजावलं, पण अजून ते पाटीखालून जाताना जरा बाजूने जातात.

रागावू नकोस, पण आत्या, आता हे पुरे. माणूस जसा विचार करतो तसं त्याचं आयुष्य होतं. हे सिद्ध झालेलं आहे. मी रविवारी एका शिबिराला जाऊन आले. शिकवणारे गृहस्थ सबंध वेळ हसत होते, एकदा म्हणून थांबले नाहीत. त्यांनी सांगितल्याप्रमाणे मी गल्ल्यात एक चिठ्ठी ठेवली आहे, तिच्यावर 'आज गर्दी आहे' असं लिहिलंय. आणि खरंच गर्दी असते! समोरचं दुकान बंद पडलं म्हणून गर्दी होते असं ह्यांचं म्हणणं, पण हे शिबिराला आले नव्हते. यात अंधश्रद्धा काही नाही, निव्वळ विचारांची शक्ती आहे. चिठ्ठी मात्र हिरव्या शाईने लिहावी लागते.

बाबांचं ऑपरेशन सव्वीस तारखेला ठरलंय. झडप बदलायची आहे. दाखवत नाहीत, पण घाबरलेत. परवा तर हवामानाच्या बातम्या लावायलाच विसरले. जन्मात एकदा तरी त्यांना चांगलं लिही. बरा होशील, सुखरूप घरी येशील, असं. बघ कसे उभारी धरतात.

लोभ आहेच, यापुढे तो सरळ शब्दांत यावा.

तुझी,
बबडी

---

ता. १४ मार्च

चि. बाळ यास,

अ. उ. आ.

तुझं ऑपरेशन उत्तम होईल. नवी झडप छान बसेल. तू ठणठणीत बरा होशील आणि शंभर वर्षं जगशील.

हे लिहिताना दोनदा पेन खाली ठेवलं. दुसऱ्याच्या चपला घालून चालल्यासारखं होतंय. पण बबडी शिकलेली आहे, औषधातलं तिला कळतं, आणि काळ बदललाय म्हणतात. शेजारच्या बाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, किती छान लिहिता हो तुम्ही, हे आम्हाला माहीतच नव्हतं. म्हणून पाठवते आहे. इथे माझ्या बटणांच्या दुकानात आज एकाच रंगाची बटणं तीन बायकांनी मागितली, बाकी विशेष नाही.

लोभ असावा.

तुझी,
आक्का

---

ता. १९ मार्च

ती. आत्यास,

शि. सा. न. वि. वि.

घात झाला. तुझं पत्र बाबांनी उभ्याने वाचायला घेतलं आणि 'चि.'पाशीच खुर्ची ओढली. 'लोभ असावा'पर्यंत आले तेव्हा चेहऱ्यावर रक्त नव्हतं.

मग एकेक सुरू झालं. आधी वकिलांना बोलावलं. हवेचा दाब मोजायचं आपलं पितळी यंत्र ह्यांना देऊन टाकलं. वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांशी गच्चीच्या किल्लीवरून कितीतरी वर्षं अबोला होता, त्यांच्या दारात जाऊन माफी मागितली. ते गृहस्थ इतके घाबरले की त्यांनीही उलट माफी मागितली आणि किल्ली देऊन टाकली. शेवटी हॉस्पिटलात फोन करून ऑपरेशन नको म्हणून सांगितलं. मला म्हणाले, जिथे आक्काने हात टेकले तिथे सर्जन काय करणार. असल्या गोष्टी मी मानत नाही, पण नोंदी त्या नोंदी. आक्काचा अंदाज आजवर एकदाही सुलटा आलेला नाही. इतकं भरवशाचं यंत्र आमच्या खात्याला कधी मिळालं नाही.

सर्जनबाई म्हणतात, आता थांबलं तर ती झडप महिनाभर दम धरेल की नाही सांगता येत नाही. मी त्यांनाच घरी घेऊन आले. त्यांनी बाबांचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, मला बाजूला नेलं आणि म्हणाल्या, ते पत्र मागवून घ्या. त्या स्वतः डॉक्टर झाल्यापासून निळे मोजे घातल्याशिवाय ऑपरेशनला उभ्या राहत नाहीत. सव्वीस तारीख त्यांनी राखून ठेवली आहे.

मी बाबांच्या उशाशी हिरव्या शाईची चिठ्ठी ठेवून पाहिली. त्यांनी तिच्या मागे वाण्याची यादी केली.

आत्या, चूक माझी आहे. तुझ्या फोनवरून फोटो येत नाही, आणि आला तरी बाबांना चालणार नाही, त्यांना शाईच हवी. उलट टपाली लिही. जितकं वाईट लिहवेल तितकं वाईट लिही. मला माझा बाप हवाय गं.

लोभ असो नसो, पत्र असावं.

तुझी,
बबडी

---

ता. २३ मार्च

बाळ,

आशीर्वाद नाहीत.

तू टेबलावरून उठणार नाहीस.

हे एक वाक्य लिहायला मला सकाळची दुपार झाली. आजवर ढीगभर अभद्र लिहिलं, चहा पिता पिता लिहिलं, कधी हात अडला नाही. तेव्हा मला कशाचं भय नव्हतं, हे आज कळलं. ह्यांना हॉस्पिटलात लिहिलं तेच तुलाही लिहून बसले, म्हणून काल बबडीचं पत्र आल्यापासून घास उतरत नाही. तर आता नीट लिहिते, लक्ष देऊन वाच.

तू गेलास तर मला काही फरक पडणार नाही. माझं तुझ्यावाचून काडीचं अडत नाही. लहानपणीही तू मला आवडायचा नाहीस; कडेवर घेऊन फिरले ते हात रिकामे होते म्हणून. आई गेली त्या वर्षी तू माझा पदर धरून झोपायचास, त्याचा मला फार त्रास व्हायचा. मागच्या खेपेला इथे आलास तेव्हा तुझ्या निळ्या सदऱ्याचं तुटलेलं बटण मी शोधून ठेवलेलं नाही. ते गल्ल्याशेजारच्या डबीत नाही, आणि मी ती डबी रोज उघडून बघत नाही. आपली पुन्हा भेट होणार नाही. माझं म्हातारपण एकटीने मजेत जाईल.

आता याहून वाईट मला लिहवत नाही.

लोभ मुळीच नसावा.

आक्का

---

ता. २ एप्रिल

ती. आक्कास,

सा. न. वि. वि.

उठलो. ऑपरेशन ठरल्या दिवशीच झालं. नवी झडप बारीक टिकटिक करते, खोली शांत असली की मला ऐकू येते. हिला किल्ली द्यावी लागत नाही एवढं बरं.

तुझं पत्र परवा मिळालं. म्हणजे मी आत गेलो तेव्हा ते टपालातच होतं. दचकू नकोस, सांगतो. आदल्या दिवशी बबडीने तुझं म्हणून एक पत्र माझ्या हातात दिलं. अक्षर थेट तुझं, वर आशीर्वाद नाहीत, खाली लोभ नसावा. तू जगणार नाहीस, असं तीनदा ठणकावून लिहिलेलं. पण एका ओळीत 'बाबा' लिहून खोडलं होतं, आणि त्याच्या आसपास अक्षरं पाण्याने फुटली होती. तू मला कधी बाबा म्हणालीस? शिवाय शाई हिरवी होती.

आधी संतापलो. मग खोडलेल्या त्या शब्दाकडे बघत बसलो. वाईट विचार मनात आला तरी जिला पाप वाटतं, त्या पोरीने बापाचं मरण स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, तेसुद्धा तीनदा. आक्का, त्यानंतर घरी बसून राहणं मला शोभलं नसतं. मी तिला एवढंच म्हणालो, की आक्काचं पत्र आलं, आता सर्जनबाईंना कळव. मोजे निळेच होते. मी असल्या गोष्टी मानत नाही, पण झोपेचं इंजेक्शन देण्याआधी वाकून बघून घेतलं.

बबडीला यातलं काही कळवू नकोस. मी हिरव्या शाईने वाचलो असं ती मनात धरून आहे, आणि वरकरणी सगळं श्रेय तुला देते. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ म्हणतात, अबोला सुटला म्हणून वाचलो. जावईबापूंचं मत असं, की सर्जनबाईंना त्यांचं काम चांगलं येत असावं. ते घरात अजून नवीन आहेत. पितळी यंत्र मी त्यांच्याकडून परत घेतलं.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पुढे टाक्यांवर ताण पडायला लागला, म्हणून नर्सबाईंनी काढून घेतलं. सगळं खोटं लिहिलं आहेस.

निळ्या सदऱ्याला अजून बटण नाही. तेव्हा येत्या पंधरा तारखेला तू इकडे येऊ नकोस. दुपारच्या गाडीने तर मुळीच नको. बबडी तुला घ्यायला स्टेशनवर येणार नाही, आणि मागची खोली आम्ही आजच झाडून घेतलेली नाही. त्या दिवशी मुसळधार पाऊस पडेल असा माझा अंदाज आहे, म्हणून छत्री आणायचं कारण नाही.

लोभ नसावा, आहे त्याहून जास्त तर नसावाच.

तुझा नसलेला,
बाळ