न्हाव्याच्या डोक्यावर चुंबक

८ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

उपचार सुरू झाले. आजवर लोकांची डोकी मी धरली, आता माझं दुसऱ्याच्या हातात आहे. मशीन चालवणाऱ्या बाई फीत लावून डोक्याची मापं घेतात, टोपी घालून तिच्यावर खूण करतात आणि तिथे चुंबक टेकवतात. भूल नाही, सुई नाही. टाळूवर सुतारपक्षी बसल्यासारखी टकटक. पहिल्या दिवशी माझा अंगठा आपोआप उडाला. बाई खूश झाल्या, मी घाबरलो. मशीनचा जोर किती ठेवायचा, ते म्हणे त्यावरून ठरतं.

डॉक्टर म्हणाले, नशेच्या पावडरीची ओढ यानं कमी होऊ शकते, पण सगळ्यांना गुण येतोच असं नाही. मी विचारलं, टक्कल पडेल का? त्यांनी स्वतःच्या टकलावरून हात फिरवून सांगितलं, ते मशीनशिवायही पडतं.

दुकान निम्मा दिवस उघडतो. वस्तरा हिने कपाटात ठेवलाय, कात्रीवर भागवतो.

लोभ आहेच, रागावणंही थांबवू नकोस.

तुझा भुंगा

१६ फेब्रुवारी

चि. भुंग्यास,
अ. उ. आ.

पत्र वाचून आधी हसले, मग रडले. पावडरीच्या नादात तू एकाच गिऱ्हाइकाची दाढी तीनदा केलीस, हे आम्ही गंमत म्हणून सांगत होतो. त्याचा गाल कापला तेव्हा आमची गंमत संपली.

तुझी बायको फोनवर बरं चाललंय म्हणते, पण तिचा आवाज मला कळतो. तेव्हा खरं काय ते लिही. झोपतोस का? जेवतोस का? आणि त्या चुंबकाने अक्कल येत असेल तर तुझ्या भावोजींसाठीही नंबर लाव. चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधत असतात.

माया आहे तशीच आहे, तिची परीक्षा बघू नकोस.

तुझी ताई

५ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

खरं लिहितो. मध्ये एकदा घेतली. डॉक्टरांना सांगितलं, ते रागावले नाहीत, उद्या वेळेवर या एवढंच म्हणाले. हिला सांगणं जड गेलं. दोन दिवस बोलली नाही, पण दवाखान्यात माझ्याबरोबर येत राहिली.

झोप आता लागते. जेवतोही.

काल पावडर आणून देणारा दुकानात आला आणि सरळ खुर्चीत बसला. ओढ गेलेली नाही, ताई. पण पूर्वी ती मला फरफटत न्यायची, काल नुसती हात धरून उभी होती. मी त्याला म्हटलं, तुझे केस मी कापणार नाही, पुन्हा येऊ नकोस. त्याने विचारलं, मग कापायचे कुठे? मी समोरच्या सलूनवाल्याचं नाव सांगितलं. हात फार चांगला आहे त्याचा, असंही म्हणालो. जन्मात पहिल्यांदा त्या माणसाबद्दल चांगलं बोललो.

तो गेल्यावर शटर ओढून हिला फोन केला. ही आली, शेजारच्या खुर्चीत बसली. म्हणाली, आलेच आहे तर माझे केस कापून सारखे कर.

कापले, ताई. दोन्ही बाजू सारख्या आल्या.

लोभ असाच ठेव.

तुझा भुंगा